रेस्टॉरंटमधला बर्गर चांगला की वाईट: आधी बघा पाणी कुठे गेलंय

बर्गरचे रिव्ह्यू वाचायला गेलं की बऱ्याच ठिकाणी तेच असतं, केवढा उंच होता, चीज कसं ओघळत होतं, फोटो किती भारी आला, आणि चवीबद्दल शेवटी एक "मस्त" टाकून विषय संपवलेला. मला बर्गर फार म्हणजे फार आवडतो, त्यामुळे असं वाचलं की चुटपुट लागते. पाव, मांस, चीज, दोन भाज्या, सॉस, एवढ्याच तर गोष्टी आहेत, सगळ्यांकडे त्याच असतात, आणि तरी एका ठिकाणचा बर्गर खाताना टेबलावरचं बोलणं बंद होतं आणि दुसऱ्या ठिकाणचा अर्धा प्लेटमध्ये तसाच राहतो. असं का होतं हे कोणीतरी नीट लिहायला पाहिजे, म्हणून हा जरा लांबलचक रिव्ह्यू, कुठल्या एका हॉटेलचा नाही, रेस्टॉरंटमध्ये मिळणाऱ्या बर्गर नावाच्या वस्तूचाच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बर्गरमधला जवळजवळ प्रत्येक दोष म्हणजे पाणी नको त्या जागी गेलेलं असतं. पॅटीच्या, म्हणजे मांसाच्या टिक्कीच्या, वरच्या अंगाला पाणी नको, आत पाहिजे. बनमध्ये मऊपणापुरतंच पाहिजे, बाहेरून मुरलेलं नको. टोमॅटो, लेट्यूस, कांदा यांचं पाणी दाताखाली आल्यावर सुटायला पाहिजे, त्याआधी नाही. हे ज्या किचनला कळलंय तिथला साधा बर्गरसुद्धा सुंदर लागतो, आणि ज्यांना नाही कळलं ते वर ट्रफल नावाची महागडी बुरशी घालोत नाहीतर तीन प्रकारचं चीज, पाचव्या घासाला सगळा लगदा.

पॅटीपासून सुरू करू, आणि पॅटीवर मी बराच वेळ थांबणार आहे कारण बाकी सगळं तिच्या मागून येतं.

मांसावर तो गडद तपकिरी खरपूस थर चढतो आणि जो खमंग वास दारापर्यंत येतो, तो मेयार रिॲक्शनमुळे. लुई-कामी मेयार नावाच्या फ्रेंच केमिस्टने 1912 मध्ये तिच्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. मांसातली अमिनो ॲसिड्स आणि थोडीशी साखर उष्णतेत एकमेकांशी जुळतात आणि त्यातून चवीची, वासाची कितीतरी नवी द्रव्यं तयार होतात. आता गंमत बघा, ही रिॲक्शन जोरात चालायला साधारण 140 अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं, आणि पाणी उकळतं 100 अंशाला. म्हणजे पॅटीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो 100 च्या फारसा पुढे जातच नाही, खालचा तवा लालबुंद असला तरी आलेली सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, मगच खरपूसपणाला सुरुवात. तवा पुरेसा तापलेला नसेल किंवा गर्दीच्या वेळी एकदम वीस पॅट्या टाकून तो गार केला असेल, तर मांसाला सुटलेलं पाणी उडायच्या ऐवजी साचतं आणि पॅटी स्वतःच्याच पाण्यात उकडते. राखाडी रंग, ओलसर कडा, आणि तो उकडलेल्या मांसाचा वास. मग वरून कितीही सॉस ओता, तो वास झाकला जात नाही.

रेस्टॉरंटचा घरापेक्षा मोठा फायदा खरं म्हणजे इथेच आहे. जाड लोखंडी प्लेट, खाली दणदणीत गॅस, गार मांस टाकलं तरी तापमान फार खाली येत नाही. आवाजावरूनसुद्धा कळतं, ओपन किचन असेल तर कान द्या, पॅटी पडल्या पडल्या जोरात चर्रर्र झालं पाहिजे आणि तो आवाज टिकला पाहिजे. मंद फसफस ऐकू आली तर मी सरळ दुसरं काहीतरी मागवतो.

मांसात चरबी किती हा दुसरा मोठा प्रश्न. बर्गरवाले लोक 80-20 म्हणतात, म्हणजे 80 टक्के मांस आणि 20 टक्के चरबी, आणि या आकड्यात दम आहे. 10 टक्क्यांवर आणलंत की पॅटी कोरडी ठाक आणि दाणेदार होते, फार वाढवलंत की चरबी वितळून पॅटी आकसते आणि तेलकट लागते. मूळ बीफच्या बर्गरसाठी बहुतेक ठिकाणी खांद्याचा भाग, ज्याला चक म्हणतात, तो घेतात कारण त्यात चव आणि चरबी दोन्ही आपोआप बऱ्या प्रमाणात असतात, काही जण त्यात ब्रिस्केट म्हणजे छातीचा भाग किंवा शॉर्ट रिब म्हणजे बरगडीचा भाग मिसळतात. मेनूवर "आमचं सीक्रेट ब्लेंड" वगैरे लिहिलेलं असतं त्याने मला फार फरक पडत नाही, पण "रोज इथेच दळतो" असं लिहिलं असेल आणि ते खरं असेल तर फरक पडतो. ताज्या दळलेल्या मांसाचे धागे मोकळे असतात. आणि दळताना मांसही गार पाहिजे आणि मशीनही, कारण चरबी कोमट झाली की तिचे वेगळे कण राहत नाहीत, ती सगळीकडे फासली जाते, आणि मग तव्यावर गेल्यावर भराभर वितळून वाहून जाते.

मिठाबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून मुद्दाम लिहितोय. खिम्यात आधीच मीठ मिसळून मळून ठेवलं तर मीठ मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन बाहेर काढतं आणि ते गोंदासारखं चिकटतं. सॉसेजला हेच पाहिजे असतं, म्हणून सॉसेज चावल्यावर टणक आणि रबरी लागतं. बर्गरची पॅटी मात्र दाताखाली मोकळी सुटली पाहिजे. त्यामुळे मीठ तव्यावर टाकायच्या अगदी आधी, फक्त वरून, आणि भरपूर. खाताना पॅटी एका तुकड्यात उडी मारल्यासारखी बाहेर येत असेल, चावल्यावर स्प्रिंगसारखी परत येत असेल, तर समजा सकाळीच मीठ घालून मळून ठेवलेली आहे. अंडं आणि ब्रेडचा चुरा घातलेली पॅटीही मला नाही पटत, बीफला त्याची गरज नसते, हलक्या हाताने दाबलं तरी ते धरून राहतं.

जाड पॅटी की चपटी, यावर लोक तावातावाने भांडतात. मी दोन्ही आवडीने खातो पण नवीन ठिकाणी पहिल्यांदा जात असाल तर माझा सल्ला चपटी. स्मॅश बर्गरमध्ये मांसाचा गार गोळा तापलेल्या लोखंडावर ठेवतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच जोर लावून चपटा करतात, चरबी अजून गार आणि घट्ट असते त्यामुळे दाबल्याने रस निघत नाही, पण मांसाचा कणन् कण लोखंडाला टेकतो आणि पाणी झटक्यात उडून कडेपर्यंत खरपूस जाळी येते. यात चूक व्हायला जागा कमी. हेच दाबणं दोन मिनिटांनंतर केलं तर उलटं होतं, तोवर चरबी वितळलेली, प्रथिनं आवळलेली, उलथन्याने दाबलं की जो चुर्र आवाज येतो आणि धूर निघतो तो म्हणजे तुमच्या बर्गरचा रस तव्यावर जातोय. असं करणारा माणूस दिसला की मला खरंच वाईट वाटतं.

जाड पॅटीचा विषय वेगळा आणि अवघड. 200 ग्रॅमची पॅटी बाहेरून खरपूस आणि आतून रसाळ ठेवणं हे हातात कला असल्याशिवाय जमत नाही. मांस तापलं की प्रथिनं आवळतात, 65 अंशांच्या आसपास तर चांगलीच, आणि स्पंज पिळल्यासारखं पाणी बाहेर ढकलतात. कडा आधी आवळतात म्हणून मधला भाग फुगून चेंडू होतो, जाणकार शेफ त्यासाठी आधीच मध्यभागी अंगठ्याने खळगा करून ठेवतो. शिजल्यावर मिनिटभर तरी तिला बाजूला ठेवून मग बनवर चढवायची, नाहीतर पहिल्या घासाला सगळा रस मनगटावर आणि बन खालून ओला. ज्या ठिकाणी जाड पॅटी येते पण खालचा बन शेवटपर्यंत टिकतो, तिथल्या किचनला मी मनापासून मानतो.

इथे एक गंभीर गोष्ट. अख्ख्या स्टेकवर जंतू असले तर बाहेरच्या बाजूला असतात आणि भाजताना मरतात, पण मांस दळलं की बाहेरचं आत जातं. म्हणूनच अमेरिकन कृषी खातं दळलेल्या बीफसाठी आतलं तापमान 71 अंश सेल्सिअस सांगतं, चिकनसाठी 74. आणि रंगावर विश्वास ठेवू नका, काही मांस पुरेसं शिजायच्या आधीच तपकिरी दिसतं तर काही पूर्ण शिजूनही गुलाबी राहतं, थर्मामीटर हाच एक भरवसा. लोकांना वाटतं पूर्ण शिजवलं म्हणजे कोरडं होणारच. नाही होत, 20 टक्के चरबी असेल, मळलेलं नसेल आणि पातळ पॅटी पटकन झाली असेल तर पूर्ण शिजूनही छान रसाळ राहते. पाणी थोडं जातं पण वितळलेली चरबी त्याची जागा भरून काढते. मी चपटी पॅटी सुचवतो त्यामागे हेही कारण आहे, आतून कच्ची ठेवून रस टिकवायची वेळच येत नाही.

पाण्याचा नियम मी एवढा लावून धरतोय तर त्याचा अपवादही सांगायला पाहिजे. 1921 मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा शहरात व्हाइट कॅसल ही बर्गरची साखळी सुरू झाली, तिथली छोटी चौकोनी पॅटी तव्याला टेकवून भाजत नाहीत, कांद्याच्या थरावर ठेवून वाफेवर शिजवतात, आणि वाफ वर यावी म्हणून पुढे त्या पॅटीला पाच भोकं पाडायला लागले. खरपूसपणा नाहीच, तरी लोक शंभर वर्षं खातायत, कारण तिथे पाणी मुद्दाम वापरलंय. कांद्याची वाफ मांसातून जाऊन वरच्या बनमध्ये शिरते आणि सगळं मिळून एकच मऊ घास होतो. चुकून ओला झालेला बर्गर आणि ठरवून वाफवलेला बर्गर यात खूप अंतर आहे. त्याच काळातला ओक्लाहोमाचा कांदा बर्गर मला याहून जास्त आवडतो, ढीगभर पातळ चिरलेला कांदा गोळ्यावर टाकून दोन्ही एकत्र तव्यावर दाबायचं, मग कांद्याचं पाणी उडत जातं, त्यातली साखर तपकिरी होते आणि मांस त्याच वाफेत वरच्या बाजूने शिजतं. कुठल्याही मेनूवर हा प्रकार दिसला तर सोडू नका.

चीज. इथे मी अनेकांशी भांडलोय आणि पुढेही भांडेन. बर्गरवर प्रोसेस्ड चीजचा स्लाइसच सगळ्यात चांगला. महागडं जुनं चेडर तसंच खायला भारी, पण गरम केलं की त्यातली चरबी सुटून तेल होते आणि प्रथिनांच्या चिवट गुठळ्या राहतात. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सिट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात, ते चरबी, पाणी आणि प्रथिन यांना एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते न फुटता वितळतं आणि पॅटीच्या प्रत्येक खाचेत उतरतं. जेम्स क्राफ्टने 1916 मध्ये प्रोसेस्ड चीज बनवायच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं. म्हणजे चीजमध्येसुद्धा पाणी जागेवर ठेवायचाच प्रश्न आहे. चांगल्या ठिकाणी स्लाइस पॅटी तव्यावर असतानाच ठेवतात, बाजूला चमचाभर पाणी शिंपडून वर झाकण टाकतात, वाफेने वीस सेकंदात चीज लोण्यासारखं होतं. कडक, चौकोनी, टोकं उभी राहिलेला स्लाइस आला म्हणजे पॅटी उतरवल्यावर घाईत ठेवलाय, आणि घाई तिथे बाकीच्याही गोष्टींत असणार. डबल पॅटी असेल तर चीज दोन पॅट्यांच्या मध्ये पाहिजेच, तिथे ते सॉसचं काम करतं.

आता बन. बन हा बर्गरचा अर्धा भाग आहे आणि तरी रेस्टॉरंटवाले त्याच्यावर सगळ्यात कमी खर्च करतात, हे मला कधीच समजलेलं नाही. बनचं काम सोपं वाटतं, सगळं धरून ठेवणं आणि स्वतः मध्ये न येणं. कडक क्रस्टवाला ब्रेड इथे चालत नाही, दात लावला की पाव तुटत नाही आणि आतला माल मागच्या बाजूने बाहेर सरकतो. मऊ पाहिजे पण पोकळ नको. ब्रिओश गेली काही वर्षं सगळीकडे आहे, लोणी आणि अंड्यामुळे सुंदर चमक येते, पण बऱ्याच ठिकाणी तो इतका गोड आणि भुसभुशीत असतो की रस लागला की विरघळायला लागतो. मला बटाट्याचा बन जास्त आवडतो, बटाट्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून तो मऊही राहतो आणि ओलही सहन करतो.

आणि बन आतून शेकलेला पाहिजे. यावर माझी अजिबात तडजोड नाही. लोणी किंवा पॅटीचीच सुटलेली चरबी लावून कापलेली बाजू तव्यावर सोनेरी करायची, मिनिटभराचं काम, त्याने एक पातळ कोरडा तेलकट थर तयार होतो आणि रस लगेच आत मुरत नाही. वरून चव येते ती वेगळीच. ज्या ठिकाणी न शेकलेला गार बन येतो तिथे पॅटी कितीही चांगली असो, मी परत जात नाही. बन आणि पॅटी सारख्याच रुंदीचे पाहिजेत, आणि तेही शिजल्यावर, कारण पॅटी आकसते. पहिले तीन घास नुसताच पाव लागला तर आकसण्याचा हिशोब कोणी केलेला नाही.

भाज्यांवर पटकन जातो. टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं. पिकलेला, लालभडक, मीठ लावून थोडा निथळवलेला एक स्लाइस बर्गरला कुठल्या कुठे नेतो, पण फिकट, फ्रिजमधून गार गार काढलेला स्लाइस पॅटी गार करतो, बन ओला करतो आणि चव शून्य. टोमॅटोचा सीझन नसेल तेव्हा जी जागा तो घालतच नाही तिला माझे जास्त मार्क. लेट्यूस आइसबर्गच असावा, भारीतली कोवळी पानं गरम मांसावर पडताक्षणी मान टाकतात, आइसबर्ग कुरकुरीत राहतो. धुतल्यावर कोरडा केलेला मात्र पाहिजे, ओला लेट्यूस म्हणजे बर्गरमध्ये स्वतःच्या हाताने ओतलेलं पाणी. कच्चा कांदा कागदासारखा पातळ, किंवा मग तव्यावर परतलेला, मधला जाड गोल काप कोणालाच नको असतो. लोणच्याची काकडी, म्हणजे पिकल, ही मात्र माझ्या मते टोमॅटोपेक्षाही गरजेची, कारण एवढी चरबी आणि चीज खाताना मध्ये आंबट आलं नाही तर अर्ध्यावर जीभ थकते.

सॉस कमी. मेयो बनला लावलेलं चांगलं कारण त्यातलं तेल बनला थोडं वाचवतं, मस्टर्ड आंबटतिखटपणासाठी, केचप थोडंच, फार गोड होतं. मेयो, केचप आणि बारीक चिरलेलं पिकल मिसळून जो गुलाबी सॉस करतात तो बहुतेक सगळ्या साखळी दुकानांचा आधार आहे आणि चांगला केला तर मस्तच लागतो. पण सॉस इतका की हाताच्या कोपरापर्यंत ओघळ, हे लोकांना फोटोत आवडतं, खाताना मात्र तोंडात फक्त सॉसच येतो.

अमेरिकेतल्या न्यू हेवनमधलं लुईज लंच नावाचं जुनं ठिकाण 1900 पासून बर्गर विकतोय असं सांगतं, पहिला बर्गर कोणाचा यावर बरेच दावेदार आहेत त्यामुळे त्या वादात मी पडत नाही, पण त्यांची पद्धत मला पटते. टोस्ट केलेल्या साध्या ब्रेडमध्ये पॅटी, हवं तर चीज, कांदा, टोमॅटो, आणि केचप किंवा मस्टर्ड ते देतच नाहीत. मांस उभ्या लोखंडी ब्रॉयलर भट्टीत दोन्ही बाजूंनी भाजतात. म्हणजे मांसाची चव हीच मुख्य, आणि ती नसेल तर ती लपवायला काही नाही. दुसऱ्या टोकाला 2001 मध्ये डॅनियल बुलू या फ्रेंच शेफने न्यूयॉर्कमध्ये शिजवलेली शॉर्ट रिब आणि फ्वा ग्रा (बदकाचं चरबीदार केलेलं यकृत) पॅटीच्या पोटात भरून बर्गर काढला, त्यानंतर महागड्या गूर्मे बर्गरची लाटच आली. त्यामागे विचार होता, शॉर्ट रिब तासन्‌तास शिजवलेली असते, तिचा ओलावा आतून मिळतो. नक्कल करणाऱ्यांनी विचार सोडून दिला आणि फक्त भर घेतली. बेकन, अंडं, कांद्याच्या रिंग, दोन सॉस, वर काठी टोचलेली. तोंड उघडून उघडून किती उघडणार? माझा हिशोब साधा आहे, बर्गर हातात उचलून, हलका दाबून, एका घासात वरपासून खालपर्यंत सगळे थर आले पाहिजेत. सुरी काटा मागावा लागला तर तो बर्गर फसला.

रचनेबद्दल दोन शब्द. खालच्या बनवर आधी सॉस, पिकल, मग पॅटी चीजसकट, लेट्यूस टोमॅटो वर, ही मला सगळ्यात आवडणारी रचना, कारण गरम पॅटी खाली राहिली की भाज्यांचं पाणी सरळ बनमध्ये जात नाही. काही जण लेट्यूस पॅटीखाली घालतात, बनला रेनकोट म्हणून, तेही चालतं, पान लवकर मऊ होतं एवढंच.

बीफ न खाणाऱ्यांनी हे सगळं आपल्यासाठी नाही असं समजू नका, नियम तेच आहेत. चिकनच्या खिम्यात चरबी कमी म्हणून तो पटकन कोरडा पडतो, छातीच्या मांसाऐवजी मांडीचं घेणाऱ्या ठिकाणचा बर्गर कायम उजवा असतो. फ्राइड चिकन बर्गर वेगळी गोष्ट, तिथे कुरकुरीत आवरण हाच क्रस्ट आहे आणि त्यावर सॉस थापला की दोन मिनिटांत मेला. लॅम्बच्या पॅटीला स्वतःचा वास जोरकस असतो म्हणून गोड सॉस नको, आंबट पाहिजे. व्हेज पॅटीत नेहमीचा घोटाळा हा की भाज्यांचं पाणी बांधायला भरमसाठ बटाटा नाहीतर ब्रेडचा चुरा घालतात, मग पावात पाव खाल्ल्यासारखं होतं. काळ्या राजम्याची किंवा मशरूमची पॅटी, आधी भाजून पाणी काढून टाकलेली, खूप छान होते. मशरूम तर ग्लुटामेटमुळे मांसासारखी भरलेली चव देतं. 2016 पासून मिळणाऱ्या इम्पॉसिबल आणि बियाँड या वनस्पतींपासून केलेल्या पॅट्या मी आवडीने खातो. इम्पॉसिबलमध्ये हीम असतं, रक्तातलाच तो लोह असलेला रेणू, तो यीस्टकडून तयार करून घेतात, त्यामुळे भाजताना वास खरंच जवळ जातो. या दोन्ही पॅट्या मिथाइलसेल्युलोजने बांधलेल्या असतात, आणि हा पदार्थ गरम असताना घट्ट आणि गार झाल्यावर सैल होतो, त्यामुळे त्या आल्या आल्या खायच्या, गार झाल्या की मऊ पडतात.

आल्या आल्या खायच्या हे तसं प्रत्येकच बर्गरला लागू आहे आणि रेस्टॉरंटला मार्क देताना मी याला खूप वजन देतो. पॅटी तव्यावरून उतरल्यावर घड्याळ सुरू होतं. खरपूस थर आतून येणाऱ्या वाफेने ओला व्हायला लागतो, चीज घट्ट होतं, बन खालून मऊ होतो. पाच मिनिटांत वेगळा पदार्थ, दहा मिनिटांत वाया. त्यामुळे किचन आणि सर्व्हिस यांचं जमतं की नाही हे बर्गरवरून लगेच कळतं. टेबलावरच्या बाकीच्या डिश तयार व्हायची वाट बघत बर्गर किचनच्या खिडकीवर पडून राहिला असेल तर वरचा बन चिमटीत धरून उचला, आतली बाजू ओलसर आणि सुरकुतलेली दिसेल. मी अशा वेळी नम्रपणे सांगतो, आणि चांगलं रेस्टॉरंट कुरकुर न करता दुसरा करून देतं.

नवीन ठिकाणी मी नेहमी मेनूवरचा सगळ्यात साधा चीजबर्गर मागवतो. आला की आधी वास, मग पॅटीची कड बघायची, गडद आणि थोडी खडबडीत पाहिजे. अर्धा खाऊन झाल्यावर प्लेटकडे बघायचं. थोडासा चरबीचा रस असेल तर उत्तम, पाण्याचं तळं असेल तर मांस गोठवलेलं होतं आणि नीट न वितळवता तव्यावर टाकलं किंवा भाज्या ओल्या होत्या. आणि मग शेवटचा घास. पहिला घास कोणाचाही चांगला लागतो, भूक असते. शेवटच्या घासात बन अजून बन आहे का, पॅटी, चीज, पिकल तिन्ही आहेत का, की हातात नुसता ओला पाव राहिलाय, यावर माझा सगळा निकाल ठरतो.

फ्राइजबद्दल एवढंच की दोनदा तळलेल्या पाहिजेत, आधी 150-160 अंशांवर आतून शिजेपर्यंत, मग 180-190 वर रंग येईपर्यंत, इथेही पृष्ठभागावरचं पाणी घालवायचाच खेळ आहे. फ्राइज बर्गरच्या अगदी खेटून ठेवलेल्या असतील तर आधी त्या बाजूला सरकवा, बनखाली गेलेल्या फ्राइज दोघांनाही ओलं करतात.

आणि डिलिव्हरी. बर्गर मागवून घरी खाण्याचा प्रकार मला फारसा पटत नाही, बंद डब्यात वाफ अडकते आणि एवढ्या मेहनतीने बाहेर काढलेलं पाणी परत आत शिरतं. तरी मागवायचाच असेल तर टोमॅटो, लेट्यूस आणि सॉस वेगळे द्यायला सांगा, भोकं असलेला कागदी डबा वापरणारी जागा निवडा, आणि घरी आल्यावर पॅटी चीजसकट कोरड्या तव्यावर मिनिटभर, बन उलटा करून तिच्या शेजारी, मगच परत जोडा.